घरांतील जुनीं पुस्तकें आणि त्यांची निगा

पुष्कळ घरांतून माळ्यावर एकादी पत्र्याची पेटी असते. तींत आजोबा-पणजोबांच्या वेळचीं पुस्तकें असतात : लाल फडक्यांत गुंडाळलेल्या दोन-चार पोथ्या, शिळाप्रेसवर छापलेलें एकादें पुराण, पुठ्ठा सुटलेला कोश, आणि दोरीनें बांधून ठेवलेले मासिकांचे अंक. या पेटीची आठवण दोनच प्रसंगीं होते. दिवाळीची साफसफाई निघाली म्हणजे, आणि जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत बांधण्याचें ठरलें म्हणजे. पहिल्या प्रसंगीं पेटी वरून पुसली जाते आणि पुन्हां माळ्यावर चढते. दुसऱ्या प्रसंगीं ती रद्दीच्या काट्यावर चढते. कारण नव्या घराला माळा नसतो.

काट्यावर काय जातें याची कल्पना फार थोड्यांस असते. १८६७ च्या कायद्यानें येथें छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारकडे पोंचविणें छापखान्यांस बंधनकारक झालें हें खरें. परंतु प्रत देणें निराळें आणि ती प्रत शंभर वर्षें जगणें निराळें. ठराविक मोठ्या ग्रंथालयांना प्रत मिळालीच पाहिजे असा कायदा तर १९५४ सालीं झाला. त्यापूर्वींच्या किती तरी लहान पुस्तिका, नाटकांच्या पदांच्या चोपड्या, स्थानिक पंचांगें, घरगुती वैद्यकाचीं पुस्तकें अशींच कोणाच्या तरी पेटींत राहिलीं म्हणून राहिलीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची मोठी सूची तयार केली. आपल्या पेटींतलें पुस्तक त्या सूचींत आहे कीं नाहीं, हें कोणत्याही मोठ्या मराठी ग्रंथालयांत जाऊन पाहतां येतें. नसलें, तर तें काट्यावर ठेवण्यापूर्वीं थोडें थांबावें.

मी कांहीं रसायनशास्त्रज्ञ नव्हे. जन्म शाळामास्तरकींत गेला, आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या पुष्कळ वर्षें माझ्याकडे असत. त्या कपाटांच्या सहवासांत जें पाहिलें आणि जाणत्यांच्या लेखनांतून जें समजलें, तेंच आज सांगणार आहें.

आपला सर्वसाधारण समज असा कीं, पुस्तक जितकें जुनें तितकें अधिक जीर्ण. पेटी उघडून पाहिली तर बहुधा याच्या उलट दृष्टीस पडतें. दोनशें वर्षांपूर्वींची हातकागदावरची पोथी, पाण्यापासून आणि किड्यांपासून वांचली असली, तर अजून लवचीक असते. तिचें पान उचललें तर तें कापडासारखें वळतें. उलट १९४० च्या सुमाराचें एकादें मासिक उघडावें, तों पानाचा कोपरा हातांत येतो आणि मांडीवर तपकिरी चुरा पडतो. आजा धडधाकट आणि नातू अंथरुणाला खिळलेला, अशांतला हा प्रकार. असें कां व्हावें ?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा एक पातळ थर. आपल्या दख्खनमध्यें जुन्नर आणि दौलताबाद येथला हातकागद प्रसिद्ध होता. दौलताबादजवळचें कागजीपुरा हें गांव अजूनही त्या धंद्याच्या नांवानें ओळखलें जातें. अशा कागदासाठीं ताग, जुने दोर, गोणपाट, चिंध्या यांचे तुकडे भिजवून, चुन्यांत मुरवून, कुटून लगदा करीत. तंतु लांब आणि चिवट राहात, आणि चुन्याचा जो अंश कागदांत उरे तो पुढें आम्लाचा प्रतिकार करी. मग वरून खळ चढवून गुळगुळीत दगडानें कागद घोटीत. त्यावर काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली शाई. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो उडत नाहीं, फिका पडत नाहीं आणि कागदाला खातही नाहीं. अशा रीतीनें कागद आणि शाई दोन्ही सोशिक मिळालीं, म्हणून पोथी टिकली.

युरोपांत कागदाचें यंत्र आलें आणि चिंध्या अपुऱ्या पडूं लागल्या. १८०७ सालीं मॉरिट्झ इलिग या जर्मन कारागिरानें लगद्यांतच राळ आणि तुरटी मिसळून शाई न फुटणारा कागद करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें १८४० नंतरच्या दशकांत फ्रीड्रिख केलर यानें ओलें लाकूड फिरत्या दगडावर घासून त्याचा लगदा केला. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्र पैशा-दोन पैशांत मिळूं लागलें, शाळकरी पोराच्या हातांत पुस्तक आलें. हे उपकार लहान नव्हेत, आणि त्यांना नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. पण त्यांची किंमत कागदानें भरली. तुरटीमुळें कागदांत आम्ल उत्पन्न होतें. लाकडांत लिग्निन नांवाचें जें द्रव्य असतें तें उजेडानें पिंवळें पडतें आणि आम्लांत भर घालतें. हें आम्ल तंतूंच्या लांब लांब साखळ्या एकेका कडीपाशीं तोडीत जातें. बाहेरून कोणी कांहीं केलें नाहीं, तरी कागद आंतल्या आंत जळत असतो. आणि उष्णता व दमटपणा मिळाला तर हें जळणें अधिक झपाट्यानें होतें. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत विल्यम बॅरो या गृहस्थानें १९०० ते १९४९ या काळांतील ५०० पुस्तकांचा कागद तपासला आणि १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक पुस्तकें दुर्बळ आणि आम्लयुक्त ठरलीं, आणि जगांतल्या ग्रंथपालांची झोंप उडाली. आपल्याकडे त्यांत दुसऱ्या महायुद्धाची भर पडली. कागदाची टंचाई, मिळेल त्या मालावर छपाई. त्या पांच-सहा वर्षांतलीं मराठी पुस्तकें नुसत्या रंगावरून ओळखतां येतात.

म्हणून पेटी उघडल्यावर पोथी आधीं उचलूं नये. ती अजून थांबूं शकते. मासिकें, वर्तमानपत्रांचीं कात्रणें आणि १८८० ते १९६० पर्यंतचीं स्वस्त छापील पुस्तकें यांना आधीं हात द्यावा. कारण तीं थांबणार नाहींत.

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखनिक पुष्कळदां एक संस्कृत श्लोक लिहून ठेवी. त्यांत पोथीच बोलते, आणि तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा व मूर्खाच्या हातीं मला देऊं नका, अशी विनवणी करते. इतकीं शतकें लोटलीं तरी ही यादी बदलण्याचें कारण पडलेलें नाहीं. अडचण एवढीच कीं, मूर्ख हा शब्द आपणांस उद्देशून आहे असें कोणालाच वाटत नाहीं.

तेलाचें भय आपल्या घरांत विशेष. सप्ताहांत पोथीचें पारायण व्हावयाचें, शेजारीं समई, पोथीवर हळद-कुंकू, फूल आणि अक्षता. तेलाचा डाग कागदांतून निघत नाहीं. अक्षतांचे दाणे किड्यांना आमंत्रण देतात. फुलाचा रस पानावर उमटतो. भक्ति कमी करा असें कोण सांगेल ? पण पूजा पोथीवरच्या वस्त्राची करावी, वस्त्र सोडून मग वाचावें, आणि समई हातभर दूर ठेवावी. देवास त्यानें कांहीं उणें पडत नाहीं.

पाण्याचें भय दोन प्रकारचें. एक छपरांतून वा नदींतून येणारें, दुसरें हवेंतून येणारें. दुसरें अधिक कपटी. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५-७० च्या वर कांहीं दिवस टिकली कीं बुरशी धरते, आणि मुंबईत किंवा कोंकणांत पावसाळाभर ती याहून पुष्कळ वर असते. ५० च्या आसपास असलेली बरी. त्याहून महत्त्वाचें म्हणजे ती एकसारखी असावी. दिवसा यंत्रानें थंड केलेली आणि रात्रीं यंत्र बंद केल्यावर दमट झालेली खोली कागदाला फार त्रास देते, कारण तो रोज फुगतो आणि रोज आखडतो. माळा हें सर्वांत वाईट ठिकाण, कारण तेथें उन्हाळ्यांत भट्टी आणि पावसाळ्यांत ओल. बाहेरच्या भिंतीला टेकलेलें कपाटही वाईट. आंतल्या भिंतीपासून सुमारें १५ सेंटिमीटर सोडून ठेवलेलें, पाय असलेलें, अंगावर ऊन न येणारें कपाट चांगलें. पुस्तकें इतकीं खच्चून भरूं नयेत कीं काढतांना पाठीच्या वरच्या टोंकाला धरून ओढावें लागेल. तें टोंक नेहमीं असेंच तुटतें. दोन्ही शेजाऱ्यांना थोडें मागें सारून मधलें पुस्तक कमरेला धरून काढावें.

बुरशी धरलेलें पुस्तक दिसलें तर ओल्या फडक्यानें पुसूं नये; बुरशी कागदांत अधिक खोल जाते. तें निराळें काढावें, सावलींत वाऱ्यावर पूर्ण सुकूं द्यावें, आणि मग नाकातोंडावर फडकें बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्यानें बुरशी झाडावी. आपल्याकडे आश्विनांत पोथ्या उन्हांत घालण्याची चाल होती. वेळ अचूक निवडलेली होती. पावसाळा संपलेला, हवा कोरडी, आणि दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठीं पुस्तकें बाहेर निघणारच असतात. फक्त ऊन टाळून सावली धरावी; उन्हांतील अदृश्य किरण शाई उडवितात आणि कागद ठिसूळ करितात. वर्षांतून हा एक दिवस प्रत्येक पुस्तक हातांत घेऊन उघडून पाहिलें, तर पुष्कळ अनर्थ वेळींच ध्यानांत येतात.

आणि पूरच आला तर ? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबईचे तळमजले बुडाले. अशा वेळीं पुस्तकांचा विचार शेवटीं येतो हें स्वाभाविकच. परंतु इतकें लक्षांत असूं द्यावें कीं, भिजलेल्या पुस्तकावर दोन दिवसांत बुरशी येऊं लागते. थोडीं पुस्तकें असलीं तर उभीं करून, पानें पंख्यासारखीं किंचित् उलगडून, विजेच्या पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावीं आणि अधूनमधून कोरा टीपकागद घालून बदलीत जावें. गुळगुळीत चित्रांचा कागद असेल तर पानें ओलीं असतांनाच सोडवावीं; एकदां चिकटून सुकलीं कीं त्यांची वीट होते. पुस्तकें पुष्कळ असलीं तर पिशव्यांत घालून तीं गोठवावीं. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाहीं, आणि आपणांस विचार करण्यास महिना-दोन महिने मिळतात.

आतां किडे. पहिला मान कसरीचा. चंदेरी, चपळ आणि बिनपंखी असा हा प्राणी खळीचा भोक्ता. पानाचा वरचा थर खरवडून खातो. आपल्या हातकागदाला खळ असते, हाच त्याचा एक दोष. दुसरी भुंगेऱ्याची अळी. ती पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सुईनें टोंचावें तसें भोंक पाडीत जाते, आणि कपाटाच्या फळीवर बारीक पीठ सांडलेलें दिसलें कीं ती कामावर आहे असें समजावें. वाळवी पुस्तकांत जन्मत नाहीं, ती जमिनींतून आणि भिंतींतून येते. म्हणून इलाज भिंतीचा करावा. झुरळें कापडी बांधणीवरची खळ चाटून तिच्यावर नकाशे काढतात. उंदरांविषयीं न बोललेलें बरें. त्यांना वाङ्मयाची निवड नसते.

लोक विचारतात, औषध कोणतें घालावें ? माझें उत्तर, शक्य तों कोणतेंच नको. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड यांनीं किडे कांहीं अंशीं दूर राहतात. पण पाला पानांत घातला तर त्याचा डाग पडतो आणि चुरा होतो. ठेवावयाचाच तर पातळ कापडाच्या पुरचुंडींत, फळीच्या कोपऱ्यांत ठेवावा. डांबराच्या गोळ्या किडे मारीत नाहींत, पळवितात. आणि बंद खोलींत त्यांची वाफ माणसांना, विशेषतः तान्ह्या मुलांना, अपायकारक असते. कीड लागलेल्या पुस्तकाला सर्वांत निर्धोक उपाय थंडीचा. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून, हवा काढून घट्ट बंद करावें, आणि उणें १८ ते २० अंशांपर्यंत जाणाऱ्या शीतपेटींत दोन आठवडे ठेवावें. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असें नाहीं, म्हणून आधीं तापमापक ठेवून पाहावें. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवसपर्यंत उघडूं नये; नाहींतर दंव धरून पानें ओलीं होतात. चित्रांची पोथी, ताडपत्र आणि चामडी बांधणी यांच्यावर मात्र हा प्रयोग घरीं करूं नये.

येथें माणसांच्या प्रकृतीविषयींही एक सूचना. पूर्वीं लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर पिंवळा हरताळ लावीत. हरताळ फासणें हा आपला वाक्प्रचार त्यांतूनच आला. हरताळ हें सोमलाचें संयुग आहे. पुढें कांहीं ग्रंथालयांत किड्यांसाठीं पुस्तकांना रसकापुरासारखीं जहाल विषेंही चोपडीत. एकोणिसाव्या शतकांतील कांहीं इंग्रजी पुस्तकांच्या झळझळीत हिरव्या कापडाच्या रंगांतही सोमल आहे. अमेरिकेंतील विंटरथर संग्रहालय २०१९ पासून अशा पुस्तकांचा शोध घेत आहे. तेव्हां जुनीं पुस्तकें हाताळल्यावर हात धुवावे, आणि बोट जिभेला लावून पान उलटण्याची खोड सोडावी. ही खोड मोडण्यासाठीं मी चाळीस वर्षें मुलांवर ओरडलों. आतां तीं मुलें आपल्या मुलांवर ओरडत असतील.

बांधणीची गोष्ट जरा मौजेची आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत आर्नो नदीचा पूर शिरला आणि तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील दहा लाखांवर ग्रंथ व कागद चिखलांत बुडाले. मदतीला गेलेल्या कारागिरांपैकीं क्रिस्टोफर क्लार्कसन याच्या ध्यानांत आलें कीं, जाड पुठ्ठे आणि भरपूर सरस असलेल्या दिमाखदार बांधण्यांपेक्षां साध्या मऊ चर्मपत्राच्या, जवळजवळ सरसाविना शिवलेल्या बांधण्या पुरांतून अधिक सुखरूप बाहेर पडल्या. आपली पोथी याच्याही एक पाऊल पुढें; तिला पाठच नाहीं, तर मोडेल काय ? सुटीं पानें, वरखालीं पानांपेक्षां किंचित् मोठ्या दोन फळ्या, भोंवतीं वस्त्र आणि वर दोरी. दाबामुळें पानें वांकत नाहींत, धूळ व उजेड आंत जात नाहीं, आणि कापड हवेंतील ओलीचे चढउतार स्वतः झेलतें. श्लोकांत सैल बांधणीचें भय सांगितलें आहे तें याचसाठीं. वस्त्र सैल झालें कीं पानें सरकतात, कांठ झिजतात आणि दोन पोथ्यांचीं पानें एकमेकींत मिसळतात. वस्त्राचा लाल रंग किड्यांना पळवितो असें म्हणतात. पण तो भिजला तर पानांवर उतरतो. कोरें मांजरपाट दोन-तीनदां धुऊन, खळ पूर्ण काढून वापरलें तर अधिक चांगलें. पोथीला भोंक पाडून ती पुस्तकासारखी शिवून घेण्याचा उद्योग कांहीं हौशी मंडळी करितात. तो कृपा करून करूं नये.

छापील पुस्तक बांधणाऱ्याकडे देतांनाही दोन गोष्टी आधीं बजावून सांगाव्या. कडेला कातर मारूं नये, कारण समासांत आजोबांनीं लिहिलेल्या टिपा तींत अर्ध्या कापल्या जातात. आणि मासिकाचें मुखपृष्ठ व जाहिरातींचीं पानें काढूं नयेत. एका ग्रंथालयांत मीं एका नामांकित मासिकाचे पंचवीस वर्षांचे बांधीव खंड पाहिले. एकाही अंकाला मुखपृष्ठ नाहीं. कोणता अंक कोणत्या महिन्याचा, किंमत काय, छापखाना कोणता, त्या काळीं साबणाची वडी केवढ्याला मिळे, सारें गेलेलें. आणि खंड मात्र सोनेरी अक्षरांत झळकत होते.

आतां दुरुस्ती; आणि श्लोकांतल्या चौथ्या भयाचें स्थान हेंच. पुस्तकाचा घात उपेक्षेनें होतो त्याहून प्रेमानें अधिक होतो असें माझें मत झालें आहे. फाटलें पान दिसलें कीं आपण पारदर्शक चिकटपट्टी लावतों. ही पट्टी १९३० सालीं अमेरिकेंत निघाली. कांहीं वर्षांत तिचा डिंक पाघळून कागदांत मुरतो, तपकिरी होतो, वरची पट्टी गळून पडते, आणि जेथें नुसती चीर होती तेथें कायमचा तेलकट डाग राहतो. सुतारकामाचा पांढरा गोंद लावला तर तो पुन्हां सुटत नाहीं. सर्वांत वाईट म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पत्र्यांत पान घालून तापवून बंद करणें. जन्मपत्रिका आणि जुनीं प्रमाणपत्रें अशीं केलेलीं सर्रास दिसतात. आंतलें आम्ल आंतच कोंडलें जातें, आणि पान बाहेर काढावयाचें म्हटलें तर काढतां येत नाहीं. मोठमोठ्या अभिलेखागारांतही एके काळीं सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पापुद्रे लावून कागद वांचविण्याची पद्धत मान्य होती. बॅरोनें तिकडे ती यंत्रानें केली, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत ॲसिटोननें हातानें करण्याची रीत काढली. आतां जाणते लोक शक्य तों दुसऱ्या वाटेनें जातात. पातळ, लांब तंतूंचा जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ ही ती वाट; कारण ही दुरुस्ती पाण्याच्या ओलाव्यानें पुन्हां सोडवितां येते.

हें गव्हाचें सत्त्व म्हणजे कोणती विलायती वस्तु नव्हे. उन्हाळ्यांत कुरडयांसाठीं गृहिणी गहूं भिजत घालून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तेंच हें. खळीसाठीं चीक जरा अधिक स्वच्छ हवा. गाळलेल्या चिकावरचें पाणी निवळल्यावर ओतून टाकावें, नवें पाणी घालावें, पुन्हां निवळूं द्यावें. आंबट वास पूर्ण जाईपर्यंत असें करावें, कारण आंबटपणा म्हणजे आम्लच. तळचें सत्त्व वाळवून ठेवतां येतें. त्याच्या एका वाटीला पांच वाट्या पाणी घालून मंद विस्तवावर अर्धा तास एकसारखें ढवळीत शिजवावें, थंड झाल्यावर बारीक चाळणींतून दाबून काढावें, आणि थोडें पाणी घालून पातळ करावें. मीठ, तुरटी, मोरचूद यांतलें कांहीं घालूं नये. बांधणारे लोक किड्यांच्या भीतीनें खळींत मोरचूद घालतात. पण त्यांतलें तांबें कागदाला पुढें खातें. जुन्या चित्रांत जंगालाचा हिरवा रंग जेथें आहे तेथेंच कागद भाजल्यासारखा झालेला असतो, त्याचें कारणही तांबेंच.

खळ लावण्यापूर्वीं शाईची परीक्षा करावी. एका अक्षराच्या कोपऱ्यावर पाण्याचा टांचणीएवढा थेंब ठेवून टीपकागदानें टिपावा. रंग उतरला तर तेथेंच थांबावें. काजळाची शाई कितीही टिकाऊ असली तरी डिंकामुळें पाण्यांत विरघळते. हिराकस आणि हिरडा यांची शाई पाण्याला त्या मानानें दाद देत नाहीं, पण तिच्यांतील आम्ल व लोह अक्षराच्या रेषेवरच कागद जाळतात. तेथें ओलावा लागला तर हें जळणें वाढतें. असे दस्तऐवज घरीं दुरुस्त करूंच नयेत. साध्या छापील पानाची चीर मात्र घरीं सांधतां येते. जपानी कागदाची अरुंद पट्टी कात्रीनें न कापतां पाण्याची रेघ ओढून फाडावी, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते. तिला अगदीं पातळ खळ लावून ती चिरेवर ठेवावी, वरखालीं टीपकागद घालून वजन ठेवावें, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाहूं नये. जपानी कागद न मिळाला तर कांहीं करूं नये. पान एका स्वच्छ, आम्लरहित कागदाच्या घडींत ठेवलें तरी तें राहतें. वर्तमानपत्राची घडी मात्र नको. त्या कागदाचें आम्ल आणि पिंवळेपणा शेजाऱ्याला लागतो.

जें पान हात लावतांच तुटतें त्याला खळही उपयोगी नाहीं. आम्ल धुऊन काढण्याच्या रीती आहेत, पण त्या प्रयोगशाळेच्या. अशा मासिकाचें छायाचित्र घेणें हाच घरचा उपाय, आणि आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या मोबाइलनें तें होतें. पुस्तक पालथें घालून कांचेवर दाबूं नये, पाठ मोडते. तें काटकोनापेक्षां थोडें अधिक एवढेंच उघडावें, खालीं उशीचा आधार द्यावा, खिडकीच्या अप्रत्यक्ष उजेडांत वरून चित्र घ्यावें. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरीं पानें, मालकाची सही, सारें घ्यावें. मग अंक एका पेटींत आडवा ठेवून, त्याच्या घडीवर मऊ पेन्सिलीनें नांव, महिना व साल लिहावें. शाईच्या लेखणीनें नव्हे.

घरांत सांभाळणें शक्य नसेल तर पेटी योग्य ठिकाणीं द्यावी. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचें आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचें. हस्तलिखितांसाठीं पुण्यांत १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ सालचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. मात्र टेंपो भरून एकदम दाराशीं नेऊं नये. त्यांच्याजवळही जागा मर्यादित असते, आणि एकच ग्रंथ त्यांना शंभर घरांतून आलेला असतो. आधीं यादी करावी : ग्रंथाचें नांव, कर्ता, छापखाना, गांव, साल, पानें पूर्ण आहेत कीं नाहींत. पोथी असेल तर पहिल्या आणि शेवटल्या पानाचें छायाचित्र जोडावें. लेखनिकाचें नांव व शक बहुधा शेवटल्या पानावरच असतात. पुस्तक कोणाच्या घरचें, कोणत्या गांवचें हेंही लिहावें. यादी पाठवून त्यांना काय हवें तें विचारावें, आणि तिची एक प्रत घरीं ठेवावी. कुटुंबांतलीं पत्रें, हिशेबाच्या वह्या आणि ती पाकक्रियेची हस्तलिखित वही यादींतून वगळूं नयेत. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कोठें तरी मिळण्याचा संभव असतो, या वह्यांची नसते.